काढण्याआधी मला विचारा

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोन निवृत्त प्रोग्रामर बायका बसल्या होत्या.

“आठवतं? कर्नलमध्ये, सिस्टीमच्या गाभ्यात, दोन प्रोसेसर एकदम एकच आकडा वाचायचे, दोघंही एक मिळवून लिहायचे, आणि मोजणीत एक गायब!”

“तीन आठवडे डोकं खाल्लं त्यानं. शेवटी आपल्या टीममधल्या कुलूपकाकांनी लॉक लावलं, एका वेळी एकालाच आकडा मिळेल असं.”

“वर कोडमध्ये कॉमेंट, ‘काढण्याआधी मला विचारा.’”

“माझी सून आता आपल्याच जुन्या कंपनीत आहे. म्हणाली, तो आकडा हल्ली कुणी वापरतच नाही, लॉक उगाच आहे.”

“मग काढलं?”

“काढायला बसली, तर कॉमेंटखाली सोळा जणांच्या ओळी. ‘विचारायचं राहिलं, राहू दे.’”

“काकांना जाऊन किती वर्षं झाली गं?”

“अकरा.”

“मग सुनेनं काय केलं?”

“सतरावी ओळ तिची.”