खिळ्यावरचा ठोकळा

(चिखलीतल्या एका दवाखान्याचा पुरुष वॉर्ड. सकाळचे अकरा.)

तुळशीराम : सिस्टर, दोन घंटे झाले, खिळा रिकामाच हाय! ठोकळा गेला कुठी? बिडीपायी माहा जीव चालला ना!

गौसिया : हात मोडलाय तुमचा, तुळशीरामभाऊ. जीव शाबूत आहे. ज्याच्यापाशी ठोकळा, तो गेटाबाहेर. तो आला की दुसरा जाईल. कायदा म्हंजे कायदा.

तुळशीराम : पण बाहेर कोणीच नाई! खिडकीतून पाह्यलं ना मी. टपरीजवळ एकटं कुत्रं बसून राह्यलं. हा कायदा काढला तरी कोणं?

गौसिया : तुमच्या बाजूच्या खाटेनं. आमच्या माणिकराव गुरुजींनी.

माणिकराव : मी? मी तर परवा भरती झालो.

गौसिया : आमच्या तिसरीच्या वर्गात काढला होता, गुरुजी. दाराजवळ खिळा, खिळ्याला लाकडी ठोकळा. ज्याला बाहेर जायचं त्यानं तो न्यायचा. इथं तर आख्खा वॉर्ड एकदमच बिडी ओढायले जायचा. डॉक्टर राउंडला येत, तर खाटाच खाटा! तवा मले तुमचा ठोकळा आठवला.

माणिकराव : पद्धत उत्तम आहे. पोरं चिंचेखाली रमत नाहीत.

तुळशीराम : गुरुजी, तुमालेबी तलफ आली असंन. काऊन उठले नाई सकाळपासून? चहाबी झोपूनच पेले.

माणिकराव : मी आपला बरा आहे इथं.

गौसिया : उठूच नका. उद्या हर्नियाचं ऑपरेशन आहे. बिडीच्या खोकल्यापायी दोनदा घरी पाठवलं तुम्हाला. आता खोकलले तर डॉक्टर म्हणतात, दुसरा दवाखाना पाहा.

माणिकराव : माहीत आहे गं. फळ्यापुढं उभं राहवत नाही म्हणून तर आलो. खुर्चीत बसून शिकवलं की शिकवणीची मागची पोरं सरळ झोपतात.

गौसिया : उशी तिरपी झाली तुमची. सरकवते.

माणिकराव : नको. उशी चांगली आहे.

गौसिया : टोचत असेल ना.

माणिकराव : गौसिया, जागेवर बस!

गौसिया : ते तिसरीत चालायचं, गुरुजी. उचला डोकं. तौबा! हे काय?

तुळशीराम : ठोकळा! गुरुजीच्या उशीखाली! अन् मी कुत्रं पाहून राह्यलो इथं!

माणिकराव : सकाळी तुळशीराम झोपेत होता तेव्हा घेतला. गेटापर्यंत गेलो. बिडी काढली, आगपेटी काढली, अन् तसाच परत आलो.

गौसिया : मग खिळ्याला का नाही लावला?

माणिकराव : लावला असता तर पुन्हा घेतला असता. ठोकळा माझ्यापाशी, म्हणजे कायद्यानं मी बाहेरच आहे. जो गेलेलाच आहे, तो आणखी जाणार कुठं?

तुळशीराम : अन् आमी?

माणिकराव : तुमच्याही छातीला तेवढाच आराम.

तुळशीराम : माहा हात मोडला हो, छाती नाई!

गौसिया : मीही असाच दप्तरात लपवला होता, गुरुजी. मोठी पोरं सगळ्या चिंचा पाडून खात, मले एक देत नसत. म्हटलं, कोणीच जाऊ नका. काय शिक्षा दिली होती तुम्ही?

माणिकराव : सतराचा पाढा.

गौसिया : उभं राहून, सगळ्यांसमोर. तुम्ही बसून म्हणा. तलफ आली की पुन्हा सुरुवातीपासून.

माणिकराव : अगं, या वयात? वॉर्डासमोर?

गौसिया : मोठ्यानं. मागच्या खाटेपर्यंत ऐकू आलं पाहिजे.

माणिकराव : सतरा एके सतरा. सतरा दुणे चौतीस...

तुळशीराम : घ्या! बिडी मागितली तं शाळा भरली! आणा तो ठोकळा इकडं.

गौसिया : हा घ्या. दहा मिनिटं, जास्त नाही.

माणिकराव : सतरा त्रिक एक्कावन्न. सतरा चोक अडुसष्ट. सतरा पाचे पंच्याऐंशी... तुळशीराम, तू दारातच? गेला नाहीस?

तुळशीराम : जातो ना. पण याच्यापुढं किती? मी इथंच अडकलो होतो. मास्तरनं मारलं, तवापासून शाळेत गेलोच नाई. तेवढं सांगा, मंग जातो.

माणिकराव : सांगतो. आधी ठोकळा खिळ्याला लाव.