पोरीला नापास करा

सुतार : नाही बाई, तुम्ही बरोबर ऐकलंत. पास नको. यंदा पोरीला नापास करा.

मोठ्या बाई : मिस्त्री, मुख्याध्यापिका म्हणून या खुर्चीत बसले तेव्हापासून कुणी ना कुणी मार्क मागायला येतंच. कमी करा म्हणणारे तुम्ही पहिलेच.

सुतार : बाकं तयार आहेत. रंधा मारून, पॉलिश करून. गाडी बाहेर उभी आहे.

मोठ्या बाई : गाडी परत न्या. जुन्या सरांच्या वेळी चाललं ते चाललं. एकानं छप्पर घातलं, त्याच्या मुलाला पैकीच्या पैकी. एकीनं पंखे दिले, तिची मुलगी वर्गात पहिली. आल्या आल्या मी सगळ्यांना सांगितलंय, कागदावर असेल तेवढंच मिळेल. वर नाही आणि खालीही नाही.

सुतार : मग तर मिटलंच. कागदावर काही नसणारच. भोपळा द्या आणि पुन्हा शेवटच्याच वर्गात बसवा. बाकं देवाणघेवाण म्हणून नका घेऊ, तशीच घ्या.

मोठ्या बाई : पण का? तिचं वर्ष फुकट जाईल. तिला तरी विचारलंत का?

सुतार : ती गेली बाई. तीन वर्षं झाली जाऊन.

मोठ्या बाई : मास्तर, खिडकीबाहेर काय बघताय? ही मुलगी तुमच्या वर्गात आहे ना?

मास्तर : आहे. म्हणजे, पटावर आहे.

सुतार : त्यांना नका बोलू. सुरुवात माझी. भिंगरी म्हणायचो तिला, एका जागी टिकायची नाही. बोलायला चुरुचुरु, पण भागाकार दिसला की रडायला लागायची. जुने सर म्हणाले, मिस्त्री, बाकं द्या, वरच्या वर्गात ढकलतो. दिली. पुढल्या वर्षी परत दिली. मग सुट्टीत ताप आला, आणि आठवड्यात घर रिकामं. नाव कमी करायलाच आलो होतो मी, याच खोलीत. तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, अभिनंदन, पोरगी पास, बाकं कधी पाठवताय?

मोठ्या बाई : आणि तुम्ही गप्प बसलात.

सुतार : तसाच घरी गेलो. तिच्या आईनं अंथरूण धरलं होतं, भिंतीकडे तोंड करून. माझ्या तोंडून निघून गेलं, पोरगी पास झाली गं. ही उठून बसली. केस विंचरले. म्हणाली, मग दप्तर धुवायला हवं. तेव्हापासून सकाळी दप्तर भरून दारात ठेवते, संध्याकाळी आत घेते. म्हणते, सकाळपेक्षा जड लागतंय, बरंच शिकवलेलं दिसतंय आज. मी कधी उचलून बघितलं नाही. बाकं मात्र दर वर्षी देत राहिलो.

मोठ्या बाई : आणि आता शाळाच संपते.

सुतार : हो ना. पास झाली की दाखला हातात. दाखला आला की दप्तर भरायचं कशाला? मग ही सकाळी उठेल कशासाठी, सांगा.

मोठ्या बाई : मास्तर, तुम्हाला हे ठाऊक होतं?

मास्तर : ती गेली त्याच्या पुढच्या वर्षी कळलं. नाव काढायचं म्हणजे मेलेल्या पोरीला मार्क कसे पडले ते सांगावं लागलं असतं. मग पंख्यांचं निघालं असतं, मग छपराचं. एक टाका सुटला की सगळं उसवतं, बाई.

सुतार : बाकं मोजून घ्यायला शिपाई उभा असायचा दारात. पोरं मोजायला कुणी नव्हतं.

मोठ्या बाई : पण रोजची हजेरी? ती कशी भरलीत?

मास्तर : तिचं नाव घेतलं की कुणीतरी हजर म्हणायचं. वाटायचं, पोरं चेष्टा करतात. मान वर करून बघितलं नाही. आधी धीर झाला नाही, पुढे सवय झाली.

मोठ्या बाई : म्हणजे अजूनही?

मास्तर : शेवटच्या बाकावर चौघांची जागा आहे. तिघंच बसतात. खिडकीकडची कड मोकळी सोडून. ओरडलो तरी सरकत नाहीत, म्हणतात, इथं कुणीतरी बसतं.

मोठ्या बाई : पुरे झालं. मिस्त्री, तुमचं म्हणणं मान्य, बाकांशिवाय. न दिलेल्या परीक्षेला मार्क नसतात. मास्तर, तिच्या नावापुढे गैरहजर लिहा. मी सही करते.

मास्तर : तसं लिहिता येणार नाही.

मोठ्या बाई : का नाही?

मास्तर : पेपर आलाय तिचा.

मोठ्या बाई : आलाय म्हणजे काय?

मास्तर : गठ्ठ्यात होता. नावाची कड दुमडून तपासायचं, हा नियम तुमचाच. तसाच तपासला. जरा रागही आला, शाई सोडून जाड पेन्सिलीनं खरडलंय, बोटं काळी झाली. पस्तीस पडले. काठावर पास. घडी उलगडली तेव्हा नाव वाचलं.

सुतार : बघू. इकडे द्या.

मोठ्या बाई : मिस्त्री, कुणा पोरानं खोडी केली असेल. पोरं काय वाटेल ते करतात.

सुतार : ही चपटी पेन्सिल आहे. सुताराची. आणि उत्तराखाली ही रेघ बघा, टोकाला बारीक तिरकी. फळी कुठं कापायची ते चुकू नये म्हणून मी करतो. तिला शिकवली होती. म्हटलं, उत्तर आलं की अशी खूण कर आणि मग त्याला हात लावू नकोस.

मोठ्या बाई : तुमच्या घरात असेल ती पेन्सिल. कुणीतरी उचलली असेल.

सुतार : घरात नाही. तिला नेताना तिच्या मुठीत ठेवली होती मी.

मोठ्या बाई : बसा. मास्तर, पाणी द्या त्यांना.

सुतार : पाणी नको. मास्तर, हा भागाकार बरोबर आहे का?

मास्तर : बरोबर आहे.

सुतार : बाकांसाठी नको. खरं सांगा.

मास्तर : बरोबर आहे हो. पुन्हा पुन्हा करून बघितला मी. बाकी शून्य.

सुतार : किती रडली होती यापायी.

मोठ्या बाई : मिस्त्री, एक मार्क कमी केला तर ती राहते. पेन्सिलीबद्दल काढता येईल. अक्षराबद्दल काढता येईल. कुणी विचारणार नाही.

सुतार : मघाशी वर नाही, खालीही नाही म्हणालात.

मोठ्या बाई : तेव्हा तुमच्या घरातलं ठाऊक नव्हतं.

सुतार : आणि मला हे ठाऊक नव्हतं. आजवर तिला मी पास करत आलो, लाकूड तासून. हा एक भागाकार तिनं केलाय. तो मी कसा कापू? करा पास.

मोठ्या बाई : आणि तिच्या आईला काय सांगाल?

सुतार : सांगत नाही काही. हा पेपर पुढ्यात ठेवतो. अक्षर ओळखेल ती. नेऊ ना?

मोठ्या बाई : न्या.

(शेजारच्या वर्गात बाक सरकल्याचा आवाज.)

मास्तर : आज तर सुट्टी आहे. त्या वर्गाला कुलूप आहे.

सुतार : माझंच बाक ते. पाय एक जरा आखूड राहिला होता, सरकताना असंच कुरकुरतं. मास्तर, कुलूप काढा.

मास्तर : बाई?

मोठ्या बाई : काढा.

सुतार : चल गं भिंगरे. आज दारातलं तुझं दप्तर मी उचलतो. शाळा सुटली.