टर्बो बसवायचा की ऐरण उतरवायची?

माझ्या गाडीचं ऑइल बदलून होईपर्यंत मी गॅरेजच्या बाकावर बसलो होतो. शेजारचे गृहस्थ मिस्त्रींना गळ घालत होते.

"मिस्त्री, जुना का होईना, टर्बो बसवाच. चढावर मेहुणा मला मागे टाकतो आणि वर हात हलवतो हो!"

"टर्बो स्वस्तात मिळेल. पण त्याच्यामागून त्याची तापलेली हवा थंड करायला इंटरकूलर येतो, ऑइलची नळी येते, जड क्लच येतो."

"तेवढं बजेट नाही. इंटरकूलर नाही घातला तर?"

"तर नवीन इंजिनासाठी या. डिकी उघडा बघू. अहो, हे काय?"

"बाबांचं सामान आहे. दोन जॅक, पान्यांची पेटी, जुनी बॅटरी."

"आणि ही ऐरण?"

"वाटेत लागली तर असावी, म्हणतात."

"कधी लागली?"

"अकरा वर्षांत तरी नाही."

"दोन माणसं निजवल्यासारखं वजन आहे हे! घरी उतरवा, गाडी फुकटात पळेल."

"पण बाबांना सांगणार कोण?"

"तुम्ही. मुलगा ना तुम्ही त्यांचा?"





"खर्चात टर्बो इंटरकूलरसकट लिहा. क्लचही लिहा."