दाराची पट्टी

नणंद : थांबा, मला जरा मोजू द्या. आज रंधा मारलात तर अर्ध्या दिवसाची मजुरी, वर जेवण. नाही मारलात तर पदरात काय, आमच्या दोघींची बोलणी. आणि तरी तुम्ही नाही म्हणताय. सुतारदादा, यात तुमचा फायदा काय ते कळेपर्यंत मी या खुर्चीवरून उठत नाही.

सुतार : फायदा नाही, ताई. लाकूड ओलं आहे.

भावजय : ओलं आहे म्हणून फुगलंय, फुगलंय म्हणून अडकतंय, अडकतंय म्हणून तर तुम्हाला बोलावलं. एक तारखेला भाडेकरू येणार. त्यांची अट एकच, पुढचं दार एका हाताने लागलं पाहिजे.

सुतार : लागेल की. ही कडेची पट्टी काढतो, दोन मिनिटांचं काम. दर वर्षी पाऊस लागायच्या आधी काढतोच. यंदा निरोप आला नाही.

भावजय : निरोप पाठवणाराच राहिला नाही. आठ महिने झाले.

सुतार : माहीत आहे, वहिनी. म्हणून आपण होऊन यायला जीव धजला नाही.

भावजय : आता आलात ना, मग ऐका. पट्टी राहू द्या. कायमची. दारच तासा, पट्टीसकट बसेल एवढं. पाऊस आला की पट्टी काढा, हवा कोरडी झाली की पुन्हा ठोका, हा खेळ भाडेकरू खेळत बसणार नाहीत.

सुतार : ओल्या लाकडाला मी रंधा लावत नाही. आयुष्यात एकदाच लावला. याच दाराला.

नणंद : बाळ्याच्या हट्टापायी. माझा भाऊ, मला नाही का माहीत. पोरगा पाळण्यात, दार हललं की करकरायचं, की पोरगा जागा. 'आत्ताच्या आत्ता तासा' म्हणून बसला. मग हवा कोरडी झाली, दार आक्रसलं, आणि शेजाऱ्यांचं मांजर तेवढं फटीतून आत यायचं राहिलं.

सुतार : बोटभर फट होती, ताई. मांजर नाही जात.

भावजय : मांजर नाही, पण शेजारणीचा डोळा यायचा. म्हणून तर ही पट्टी आली.

नणंद : आणि पट्टीमागोमाग माझी वरात. वर्षातून दोनदा बाळ्याचा निरोप, 'ताई, सुतार येतोय, सामान हलवायचंय, ये.' सामान काय, तर दोन खुर्च्या आणि चपलांचं कपाट. तीन तास गाडीत बसून मी यायचे, तुमच्या चपला उचलायला.

सुतार : मला तर म्हणायचे, ताई येऊन बसल्यात, तुम्ही उद्या याच.

नणंद : येऊन बसल्यात? मला सांगायचा, सुतार खोळंबलाय.

भावजय : आणि मला सांगायचे, दोघंही आपणहून येतायत, स्वयंपाक वाढवून कर. काय माणूस. पण एवढा खटाटोप कशाला? इतक्या वर्षांत एकदाच काय ते नीट करून टाकायला काय झालं होतं?

सुतार : (पट्टीच्या खिळ्यांवरून अंगठा फिरवत) करून देत होतो. पहिल्याच वर्षी. कोरड्या हवेत कडेला नवी फळी जोडायची, मग बेताने तासायची. पुन्हा हात लावायला नको. भाऊ नको म्हणाले.

नणंद : पैसे वाचवले असतील. लहानपणी पेन्सिलीचं टोकसुद्धा बेतानं काढायचा.

सुतार : फुकट देत होतो, ताई. हट्ट त्यांचा, पण रंधा माझ्या हातात होता ना. तरी नको म्हणाले. तुम्ही आपले वर्षातून दोनदा या, म्हणाले.

भावजय : का?

सुतार : जाऊ द्या आता.

नणंद : 'जाऊ द्या' म्हणायचं असलं तर आधी तोंड उघडायचं नसतं. बोला.

सुतार : म्हणाले, ऋतू पालटला की घरातलं बोलणं बंद होतं. दहा-पंधरा दिवस. भांडण नाही, आजार नाही, नुसतं गप्प. त्या दिवसांत जरा ठोकाठोक पाहिजे, भुसा सांडायला पाहिजे, दोन माणसं जेवायला पाहिजेत. डॉक्टरला काय सांगू, सुताराला सांगतो, म्हणाले.

भावजय : मला वाटायचं, माझं गप्प होणं कुणाला दिसत नाही.

नणंद : दिसायचं गं. मला वाटायचं, नणंद आली म्हणून तोंड मिटून बसलीय.

भावजय : नाही हो, वन्सं. हवा बदलली की पायाखालची फरशी एका बाजूला कलल्यासारखं वाटायचं. सगळं जागच्या जागी असायचं, मीच घसरायचे. टेलिफोनची नोकरी होती तोवर बरं होतं. कानाला यंत्र लावायचं, लोकांची बोलणी जोडून द्यायची. आपण गप्प आहोत हे आपल्यालाही कळायचं नाही.

नणंद : ती नोकरीही चार महिन्यांमागे संपली. घर भाड्याने देऊन लेकाकडे जायचं, हे कधी ठरवलंस?

भावजय : गेल्या पंधरवड्यात.

नणंद : म्हणजे पाऊस लागला तेव्हा. कुणाला विचारलंस?

भावजय : कुणाशी बोलले असते, तर विचारलं असतं ना.

नणंद : मग आता माझं ऐक. अशी घाईनं जाऊ नकोस.

भावजय : पण वन्सं, तुम्ही मला का अडवताय? मी गेले की ते आरशाचं मोठं कपाट तुम्हाला. कबूल करून बसलेय मी. मी राहिले तर तोटा तुमचाच.

नणंद : तो मी घरूनच मोजून आलेय. तीनदा माप घेतलं. ते कपाट माझ्या जिन्याच्या वळणावर अडकतंय. राहू दे तुझ्याकडेच, वर्षातून दोनदा येऊन तोंड बघत जाईन.

भावजय : लेक प्रेमाने बोलावतोय हो. सूनही.

नणंद : मग जा की. कुणी बांधून ठेवलंय? पण ठरवून जा. घसरून नको.

भावजय : सुतारदादा, लाकूड वाळायला किती दिवस लागतील?

सुतार : पाऊस थांबल्यावर दीड-दोन महिने. घाई केली तर दार तुम्हालाच सांगेल.

भावजय : मग पट्टी काढा. फेकू नका, तिथे कोपऱ्यात उभी करून ठेवा. भाडेकरूंना आजच फोन करते. थांबत असतील तर थांबा म्हणावं, नाहीतर दुसरं घर बघा. जायचं का राहायचं, ते हवा कोरडी झाल्यावर बघू.

नणंद : आता कशी बोललीस. माझ्या पिशवीत चार दिवसांचे कपडे आहेत, काळजी करू नकोस.

भावजय : काळजी तुमच्या घोरण्याची आहे.

सुतार : निघाली, वहिनी. ढकलून बघा. एका हाताने.

भावजय : लागलं. मजुरी किती?

सुतार : या दाराची मी कधी घेतली नाही.

भावजय : म्हणजे एवढी वर्षं तुम्ही फुकट राबलात, वन्संनी तीन-तीन तास गाडीत काढले. आणि त्यांनी काय केलं?

नणंद : आपल्या तिघांच्या थट्टेचा धनी झाला. दार बिघडवणारा म्हणून.

भावजय : तुमच्या दोघांची थट्टा होती. मी खरंच बोलायचे. आधी रागाने, मग सवयीने. त्यांना म्हणायचे, 'तुम्ही नसते हट्ट करता, कुणाचं ऐकत नाही, तुमच्यापायी सगळ्यांना त्रास.' पट्टी ठोकून होईपर्यंत मी थांबायची नाही. एका शब्दाने उलटून बोलले नाहीत कधी.

सुतार : नाही बोलायचे. मला फाटकापर्यंत सोडायला यायचे ना, तेव्हा खांद्यावर हात ठेवून तेवढंच सांगायचे, 'आज बोलली.'