काळजावरची चरबी

(युकातानच्या किनाऱ्यावरचं प्रोग्रेसो. दुपार कललेली. घरामागच्या अंगणात, आंबट नारिंगाच्या झाडाखाली, एल्सी जाळीच्या झोळीत पडून आहे. तिचा धाकटा भाऊ गास्पार मेरिदाच्या इस्पितळातून तपासण्यांचे निकाल घेऊन थेट इथेच आलाय.)

गास्पार : ...तर रक्ताची नळी तिथल्या पोरीनं खिडकीपाशी धरली आणि म्हणाली, बघा. बघतो तर काय ताई, नितळ! मार्चमध्ये आठवतं ना? रक्त काढून जरा बाजूला ठेवलं तर वर साय धरली होती. ती सुई टोचणारी पोरगी मला म्हणाली, "काका, हे रक्त आहे की तांदळाचं सरबत?"

एल्सी : आठवतं. महिनाभर तू सगळ्या बाजाराला तेच सांगत होतास.

गास्पार : मग काय करू, रडू? तेव्हा सगळे हसले, मीही हसलो. आता मी एकटा हसतोय. आणि पुढचं ऐक. ते यंत्र नाही का, ज्यात झोपवतात आणि ढमढम वाजतं? मागच्या वेळी मी त्यात मावता मावत नव्हतो. दोघांनी मिळून ढकललं होतं मला, डुक्कर भट्टीत सारतात तसा. आज गेलो सुळकन! डॉक्टरीणबाईंनी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली. मार्चचं काळीज आणि आत्ताचं काळीज.

एल्सी : काय म्हणाल्या?

गास्पार : म्हणाल्या, मार्चमध्ये हे काळीज, त्यांच्या भाषेत यकृत, लोण्यात बुडवल्यासारखं होतं. असलं अर्धं कापून दुसऱ्याला बसवलं तर त्याच्याकडेही चालणार नाही आणि तुमच्याकडे उरलेलंही. आता म्हणे, देण्याजोगं झालंय. हाच शब्द, ताई. देण्याजोगं!

एल्सी : गास्पार...

गास्पार : थांब, गंमत तर पुढेच आहे. काट्यावर उभा केला. काटा आपला जिथल्या तिथे! थोडासा हलला, उपकार केल्यासारखा. मी म्हटलं, बाई, एवढं चालतोय, धावतोय, तळलेल्याचा वाससुद्धा दुरून घेतोय, आणि हे पोट बघा, जसंच्या तसं माझ्याआधी दारातून आत शिरतंय. तर त्या हसल्या. म्हणाल्या, काट्याकडे बघू नका. व्यायामानं आधी रक्तातली चरबी जाते, मग काळजातली, आतड्यांभोवतीची. दिसते ती, कातडीखालची, सगळ्यात शेवटी निघते. घरात मुरलेल्या पाहुण्यासारखी. वाईट कोलेस्टेरॉल तेवढं हटून बसलंय, चांगलं किंचित वाढलंय. पण म्हणाल्या, आपल्याला जे हवं होतं ते झालंय.

एल्सी : एकटाच गेला होतास?

गास्पार : एकटाच. तुला आधी सांगायचं म्हणून कुणालाच नेलं नाही. का गं?

एल्सी : काही नाही. मेरिदात आमचे डॉक्टर भेटले का? माझे?

गास्पार : ते कशाला भेटतील? ते तुझ्या बाजूचे, ही माझ्या बाजूची. एकमेकांशी बोलायचं नाही असा नियमच आहे म्हणे, देणाऱ्यावर कुणी दबाव आणू नये म्हणून. मी म्हटलं, माझ्यावर कोण दबाव आणणार? मीच सगळ्यांना दाबत आलोय. बसमध्ये तर रोज.

एल्सी : बस ना जरा. ती खुर्ची घे.

गास्पार : बसवत नाही गं! आज सकाळीसुद्धा, तपासणी आहे म्हणून आराम करायचा, तर पाय ऐकेनात. धक्क्यापर्यंत जाऊन आलो. ते बोटीवाले अजून ओरडतात, "देवमासा परत समुद्रात निघाला रे!" सुरुवातीला वाटायचं, एकेकाला उचलून पाण्यात टाकावं. आता मीच हात हलवतो. एकानं तर परवा विचारलं, "कुणासाठी पळतोस, बाई ठेवलीस का?" म्हटलं, हो, आहे एक. पिवळ्या डोळ्यांची.

एल्सी : वाह्यात.

गास्पार : हसलीस! बरं, आता माझं अर्धं काळीज तुला बसवायला राजधानीला कधी जायचं ते भाऊजींना विचारू. डिसेंबरात थंडी फार असते तिथे, पण मला काय, माझ्या अंगावर अजून गोधडी आहे. रविवारच्या विक्रीचं मी माझ्या कोन्सुएलोला सांगून ठेवलंय. डुक्कर भाजायचा खड्डा ती पेटवेल, मांस ती लावेल. तसंही आठ महिने मी माझं डुक्कर चाखून बघितलेलं नाही. मीठ वासावर घालतो. गिऱ्हाइकं म्हणतात, गास्पार, हल्ली खारट होतं. म्हटलं, घामानं होत असेल.

एल्सी : गास्पार, मला बोलू दे.

गास्पार : बोल की. हे बघ भाऊजी आले. भाऊजी, मिठी मारा! नितळ झालोय मी आतून!

विल्बर्ट : पाणी घे आधी. उन्हातून आलायस.

गास्पार : पाणी कसलं, आज तर...

विल्बर्ट : एल्सी, सांगितलंस?

एल्सी : नाही.

विल्बर्ट : मी सांगू?

एल्सी : नको. माझा भाऊ आहे. गास्पार, इकडे, माझ्या बाजूला ये. मान वळवून बोलायला दम लागतो मला.

गास्पार : काय झालं? पुन्हा पोटात पाणी भरलं? ते काढतात की.

एल्सी : माझ्या काळजात ती गाठ होती ना? मार्चमध्ये वाटाण्याएवढी होती, तीच. त्यांनी ती मध्ये जाळली होती.

गास्पार : हो, जूनमध्ये. मी बाहेर बसलो होतो.

एल्सी : ती परत आली. या वेळी काळजात येणाऱ्या मोठ्या शिरेत शिरली आहे. शिरेत शिरली की पुढे शरीरभर कुठेही गेलेली असू शकते. मग नवं काळीज बसवण्यात अर्थ राहत नाही. बसवलं तरी त्यात ती पुन्हा उगवते. त्यामुळे ते आता शस्त्रक्रिया करणार नाहीत.

गास्पार : आत्ता करणार नाहीत म्हणजे पुढे करतील.

एल्सी : नाही रे. मुळीच करणार नाहीत.

गास्पार : पण माझं तर झालं ना. देण्याजोगं झालं. आजच बोलल्या त्या. तुमच्या डॉक्टरांना हे ठाऊकच नसेल! त्यांना अजून वाटत असेल मी तसाच आहे, लोण्यातला. मी आत्ता जातो, चित्रं घेऊन...

विल्बर्ट : बस खाली.

गास्पार : आणि ती शीर? शीरही द्यायची की माझी. माझ्यात शिरा काय कमी आहेत? भाऊजी, तुम्ही विचारलंत का नीट? तुम्ही नुसते "हं" म्हणून उठला असाल. तुमचं आहेच ते.

विल्बर्ट : विचारलं. मेरिदात विचारलं. राजधानीला सगळे कागद पाठवले, तिथूनही तेच आलं. मोन्तेर्रेच्या एका डॉक्टरला बंदरावरच्या माझ्या मुकादमानं फोन लावून दिला. तो भला माणूस होता. त्यानंही तेच सांगितलं.

गास्पार : राजधानीला कागद पाठवून उत्तर आलं? कधी? एवढं सगळं एका दिवसात होत नाही, भाऊजी. तुम्हाला कधी कळलं?

एल्सी : मृतांच्या सणाआधी.

गास्पार : सणाआधी. म्हणजे आपण सगळे इथे बसलो होतो, याच अंगणात, तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं.

एल्सी : हो.

गास्पार : आईच्या फोटोपुढे तू मेणबत्ती लावलीस. खड्ड्यातून मक्याच्या पिठाचा पिब काढला, केळीच्या पानात करपलेला, तूप कसलं, चरबी निथळत होती त्यातून. मी म्हटलं, मला नको, माझं व्रत आहे. आणि तुम्ही मला उकडलेला चायोते भोपळा वाढलात, भाऊजी. बिनमिठाचा. तुम्ही स्वतःच्या हातानं वाढलात, आणि तुम्हाला ठाऊक होतं.

विल्बर्ट : हो, ठाऊक होतं.

गास्पार : आणि मी दुसऱ्या दिवशी परत पळायला गेलो. पाऊस होता. घसरून पडलो, गुडघा फुटला, लंगडत घरी आलो. तू फोनवर म्हणालीस, "बर्फ लाव."

एल्सी : मला जमलं नाही, गास्पार. तू रोज यायचास, घामानं निथळत, आणि तिथे उभं राहून सांगायचास, आज इतका गेलो, आज थांबलो नाही. मी रोज ठरवायचे, आज सांगेन. मग वाटायचं, उद्या.

गास्पार : तू पोरांना शिकवलंस आयुष्यभर. खोटं बोलणाऱ्याला कोपऱ्यात उभं करायचीस.

एल्सी : हो. कर मला उभं. जमत असतं तर राहिले असते.

विल्बर्ट : तिला दम लागतोय. पुरे कर.

गास्पार : तुम्ही बोलू नका! तुम्ही मार्चमध्ये काय बोललात ते ऐकलंय मी. इस्पितळाच्या बोळात, पाठमोरे होतात. "याला तोंड आवरलं असतं तर आज माझी बायको वाचली असती."

विल्बर्ट : बोललो.

गास्पार : आणि आता?

विल्बर्ट : आता काय. माझं रक्त जुळत नाही म्हणून मी तिला काही देऊ शकलो नाही. तुझं जुळत होतं. एवढ्या मोठ्या घरात एकट्या तुझं. मी काय म्हणू, गास्पार? तू पळत होतास ते मी पाहिलंय. पहाटे क्रेनवर असायचो, वरून दिसायचास. पण मार्चमध्ये ती गाठ वाटाण्याएवढी होती. हे माझ्या डोक्यातून जात नाही. तू चांगला माणूस आहेस हे कळतं, तरी जात नाही.

गास्पार : जाऊ नये. माझ्याही नाही जात.

एल्सी : मला वाटलं होतं तू म्हणशील, विल्बर्ट, की तसं काही नाही.

विल्बर्ट : तुला खोटं आवडत नाही.

एल्सी : नाही आवडत. मग मीही सांगते. एकदाच सांगते, पुन्हा विचारू नकोस, गास्पार. मलाही तुझा राग आला होता. मार्चमध्ये तू त्या पोरीचा विनोद सांगून सगळ्यांना हसवत होतास, आणि मी याच झोळीत पडून मोजत होते, किती वर्षं किती खाल्लंस. वाढदिवसाला, लग्नांत, सणाला. प्रत्येक ताट मला दिसत होतं. मला वाटायचं, तू माझं काळीज खाल्लंस. तुझ्यावर इतका जीव, आणि हे वाटायचं.

गास्पार : अजून वाटतं?

एल्सी : कधी कधी. ताप आला की.

गास्पार : बरं झालं सांगितलंस.

एल्सी : कसलं बरं? तुला भरवणारी तरी कोण होती? आई मासळीच्या कारखान्यात, आणि तू भोकाड पसरायचास. मी टोर्टियावर चरबी फासून मीठ भुरभुरायचे आणि तुझ्या तोंडात कोंबायचे. तू गप्प झालास की अभ्यास करायचे. तुझ्या रडण्यापेक्षा तुझं खाणं बरं वाटायचं मला.

गास्पार : ते नको, ताई. तेवढं नको करूस. तू नऊ वर्षांची होतीस. मी सत्तेचाळीसचा आहे. पोट माझं आहे, कुणाच्या वाट्याला घालायचं नाही मला.

विल्बर्ट : डॉक्टर म्हणाले होते, मार्चमध्येसुद्धा खात्री नव्हती. तेव्हा शस्त्रक्रिया केली असती तरी...

गास्पार : खरंच म्हणाले?

विल्बर्ट : म्हणजे, तसंच काहीतरी.

गास्पार : नाही म्हणाले ना. तुमच्यानं खोटं नीट होतही नाही, भाऊजी.

एल्सी : त्याला पाणी दे अजून.

गास्पार : नको. ताई, मी आज त्या बाईंना विचारलं, हे पुन्हा चढतं का, काळजावर? त्या म्हणाल्या, थांबलात की चढतं. फार वेळ लागत नाही. मी म्हटलं, आता काय, महिन्याभरात निम्मं माझ्या बहिणीत असेल, तिच्यावर काय चढणार, ती तर चिमणीसारखी खाते. त्या कागद चाळायला लागल्या. मला वाटलं, माझा विनोद आवडला नाही.

एल्सी : गास्पार, आता तू निदान स्वतःसाठी...

गास्पार : म्हणू नकोस.

एल्सी : तुझ्या पोरी आहेत. कोन्सुएलो आहे.

गास्पार : आहेत. ठाऊक आहे मला. पण आत्ता म्हणू नकोस. मला तब्येत बरी करायची नव्हती गं. मला ते काळीज धुऊन पुसून द्यायचं होतं, एवढंच. रोज पहाटे उठताना मी काळजाला सांगायचो, चल रे, तुला तिच्याकडे जायचंय. आता उद्या उठून त्याला काय सांगू?

एल्सी : मला नाही माहीत.

विल्बर्ट : मी आत जातो. काही लागलं तर हाक मारा.

गास्पार : भाऊजी.

विल्बर्ट : हं.

गास्पार : वरून खरंच दिसायचो मी?

विल्बर्ट : दिसायचास. तुझ्यासारखा दुसरा कोण आहे किनाऱ्यावर?

एल्सी : गेला का आत?

गास्पार : गेला. किती दिवस म्हणालेत, ताई?

एल्सी : राजांच्या सणापर्यंत बहुतेक. त्यापुढचं ते बोलत नाहीत.

गास्पार : जानेवारी.

एल्सी : हो. रडतोयस तर रड. पण झोळी हलवू नकोस, मळमळतं.

गास्पार : नाही हलवत.

एल्सी : इकडे ये जवळ. एक काम कर. विल्बर्टला सारखं सांगायला बरं वाटत नाही, तो रात्रभर तेच करत असतो. हे पित्त कातडीत उतरलंय, फार खाजतं. माझे हात आता पोचत नाहीत.

गास्पार : वळ जरा. पाठीला?

एल्सी : नखांनी नको, रक्त येतं. तळहातानं चोळ. जरा जोरात.

गास्पार : असं? सांग ना, नक्की कुठे खाजतंय?

एल्सी : सगळीकडे रे.