उतारावरचा फोटो

रोलर कोस्टरवरून उतरल्यावर फोटो मिळतात त्या खिडकीशी, रांगेत माझ्यापुढे आई, बाबा आणि त्यांची लेक उभी होती.

"आई, बाबांनी माझा हात शेवटपर्यंत घट्ट धरला होता!"

"धरणारच! म्हणून तर मी खाली निवांत बसले. भाऊ, आमचा फोटो दाखवा."

"राहू दे गं. घरी ढीगभर फोटो आहेत."

"असू देत. हा भिंतीवर लावायचाय."

"हा बघा. डोळे मिटून दोन्ही हातांनी दांडीला चिकटलेत, तेच ना साहेब?"

"अहो! मग हिचा हात कोणी धरलाय?"

"पलीकडे बसलेल्या बाईंनी, ताई."

"उतार एकदम आला गं..."

"आई, नको घेऊस हा फोटो. मी त्यात चांगली नाही आले."

छोट्या नखांच्या खुणा उमटलेला माझा हात मी हळूच पिशवीमागे नेला.