डॉर्कसची भट्टी कोणी पेटवली

मी, जॉस टायसन, वय तेवीस, धंदा सध्या वाफेच्या बोटीवर भट्टीवाला, त्याआधी जत्रेतले पाळणे उभारणे, मेंढ्यांची लोकर कातरणे आणि एक हिवाळा चीजच्या कारखान्यात, राहणार विंडरमियर सरोवराच्या पश्चिम काठी रिगबाईंच्या बोटघराचा माळा, आज ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगतो की,

शिक्षण विचारलं म्हणून सांगतो. शाळा दोनदा सुटली, एकदा मी सोडली, एकदा शाळेने.

माझ्यावर तक्रार अशी आहे की डॉर्कस नावाची बोट हॉटेलच्या ताब्यात जाऊ नये म्हणून मी क्रेन यायच्या आधी मुद्दाम तिची भट्टी पेटवून ठेवतो. हे खोटं आहे.

डॉर्कस ही बावीस फुटी बोट रिगबाईंचे यजमान विल्फ यांनी स्वतः बांधली. नोकरी पोस्टात आणि नाद वाफेचा. लाकूड तासलं, इंजिन जुळवलं, बॉयलरही बसवला. मागच्या हिवाळ्यात ते वारले. बाईंच्या गुडघ्यांना बोट झेपेना, म्हणून त्यांनी ती शेजारच्या हॉटेलच्या मालकीणबाई हिल्डा पिम यांना देऊ केली. पिमबाई म्हणाल्या, "आम्ही जपू." जपणं म्हणजे काय ते वसंतात कळलं. बॉयलर काढून टाकायचा, बोट मधोमध कापायची आणि जेवणघरात ठेवून तिच्यात बर्फावर सॅलड मांडायचं.

रिगबाई मला एवढंच म्हणाल्या, "शब्द दिलाय पोरा. आता काकड्या तर काकड्या." मग त्या दिवसभर बोटीचं पितळ घासत बसल्या. कापायच्या बोटीचं पितळ का घासता, हे मी विचारलं नाही.

ठरलं असं होतं की क्रेनने बोट पाण्याबाहेर काढली की ती पिमबाईंची, तोवर रिगबाईंची.

पहिल्यांदा क्रेन आली तो दिवस मंगळवार. वेळ सांगता येणार नाही, माझ्याकडे घड्याळ नाही. होतं, पण एका मेंढीने... साहेब म्हणतात मुद्द्यावर या. तर सकाळी रिगबाई बोटीत बसल्या आणि म्हणाल्या, "जॉस, शेवटचा चहा टाक." आमच्या सरोवरावर वाफेच्या बोटीत तांब्याची किटली असते. बॉयलरची वाफ तिच्या आतल्या नळीतून फिरते आणि पाणी एका शिंकेच्या वेळात उकळतं. पण त्याला वाफ लागते, वाफेला भट्टी लागते. म्हणून त्या दिवशी भट्टी मी पेटवली. हे मी कबूल करतो. चहा हा गुन्हा असेल तर कलम सांगावं.

तेवढ्यात क्रेनवाला डेव्ही ब्रँथवेट आला. बॉयलरला हात लावून म्हणाला, "गरम आहे. पेटता बॉयलर मी दोरावर टांगत नाही. बायकोला मी ओळखू येईन असाच परत हवा आहे." त्याच्या मागून पिमबाईंचे यजमान लायोनेल पिम आले, बोट ताब्यात घ्यायला बायकोने पाठवलेले. पायात बदामी बूट.

"थंड कधी होणार?" त्यांनी विचारलं.

रिगबाई म्हणाल्या, "उभी ठेवली तर संध्याकाळी. चालवून वाफ संपवली तर लवकर. या, बसा. बेटाला एक फेरी."

पिमसाहेबांना चहा दिला. आमच्याकडे रीत अशी की जो बोटीचा चहा पितो त्याने भट्टीत एक फावडं कोळसा घालायचा. पाहुणा असो की पाद्री, सूट नाही. पिमसाहेबांनी हसत एक फावडं घातलं. मग न सांगता दुसरं घातलं. पुढचं मी मोजलं नाही. जादा वाफ सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह फुसकन उडाला तेव्हा ते बाकाखाली गेले आणि बाकाखालूनच म्हणाले, "हे पुन्हा होईल का?"

वाफ संपवायला बोट चालवावी लागते आणि बोट चालवायला कोळसा घालावा लागतो, हे गणित त्यांच्या लक्षात आलं नाही. रिगबाईंच्या आलं असावं, पण त्या बदकांकडे बघत होत्या. आम्ही सरोवराच्या दक्षिण टोकाला पोचलो. तिथे मी सांगितलं, "साहेब, इथून हॉटेलवर जाणारी बस मिळते." ते म्हणाले, "कोळसा किती उरलाय?"

परत येताना मी त्यांना बॉयलरच्या काचनळीत पाण्याची पातळी कशी बघायची, कोळसा कडेकडेने कसा पसरायचा ते दाखवलं. शिवाय भट्टी पेटवण्याआधी बॉयलरवर तीन टिचक्या मारून "उठा डॉर्कसबाई, उजाडलं" म्हणायचं, नाहीतर ती धूर ओकते, असंही सांगितलं. अशी कोणतीही रीत नाही. हे मी स्वखुशीने सांगतो.

परतलो तेव्हा डेव्ही क्रेन घेऊन गेलेला होता.

रिगबाईंनी मला बजावलं, "आता हात लावायचा नाही. शब्दाला वाफेची पळवाट नको." मी भट्टी पूर्ण विझवली, राख काढली. पुढच्या वेळी क्रेन आली तर बॉयलर गरम. त्याच्या पुढच्या वेळीही गरम. दोन्ही सकाळी मी माळ्यावर झोपलो होतो. खालून धातूवर टिचक्यांचा आवाज आला. कोणीतरी काहीतरी पुटपुटलं. मी कूस बदलली. पाहिलं नाही, म्हणून नाव सांगत नाही. कोळसा मात्र कडेकडेने पसरलेला होता, आणि पेटवण खाली हॉटेलच्या नाश्त्याच्या कार्डांचं होतं.

आज क्रेनची चौथी खेप. संशय नको म्हणून साहेबांनी मला आणि रिगबाईंना सकाळीच इथे बसवून ठेवलं. पिमबाईही समोर बसल्या आहेत. हा जबाब चालू असताना डेव्हीचा फोन आला. साहेबांनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. डेव्ही म्हणाला, "तुमचे दोन्ही आरोपी तुमच्याकडे आहेत ना? मग ही पेटवली कोणी? आणि पेटली तर पेटली, जागेवर कुठंय? धक्का रिकामा आहे. पाण्यावर धूर दिसतोय."

सरोवराच्या बाजूने बोटीची शिट्टी ऐकू आली. वाजवणारा नवशिका होता, सोडतच नव्हता.

पिमबाईंनी साहेबांना विचारलं, "आज नाश्त्याला मी एकटीच का होते, ते आत्ता कळलं." हा प्रश्न नव्हता, पण त्या साहेबांकडेच बघत होत्या.

मग रिगबाईंकडे वळल्या. "तीस वर्षांत हा माणूस माझ्याआधी कधी उठला नाही, रिगबाई."

रिगबाई म्हणाल्या, "माझाही तसाच होता. बोटीसाठी उठायचा."

पिमबाई बराच वेळ पर्सची उघडझाप करत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "सॅलड मी टेबलावर ठेवीन. बोट तुमच्याकडेच राहू दे. तुमचा शब्द मी परत केला. माझा माणूस तेवढा संध्याकाळी जेवायला पाठवा, हातपाय धुऊन."

रिगबाईंनी रुमाल काढला. कशासाठी ते मी पाहिलं नाही.

त्यानंतर पिमबाईंनी तक्रारीतलं माझं नाव खोडून त्या जागी दुसरं लिहायला सांगितलं. साहेबांनी विचारलं, आरोपीशी तुमचं नातं काय? त्या म्हणाल्या, "नवरा. लिहा."

वरील मजकूर साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितला तसाच आहे, फक्त मेंढीचं राहून गेलं. सही करतो.

जॉस टायसन